आधी चेन, मग कापड

चेनचा छोटा पाऊच ही शिवणक्लासमध्ये शिकवण्याइतकी मानाची वस्तू नाही. तिथे झबल्या-टोपड्यापासून सुरुवात होते, मग परकर, मग साधा ब्लाऊज, आणि कळस म्हणजे अस्तराचा कटोरी ब्लाऊज. पाऊच या चढत्या भाजणीत कुठेच नाही. तो उरलेल्या कापडाचा आणि उरलेल्या दुपारचा उद्योग. नोकरीतून मोकळी झाल्यावर मी मशीनवर बसले ती याच हिशेबाने: ब्लाऊज आपल्याच्याने व्हायचा नाही, ड्रेसच्या वाटेला जायला नको, पण नऊ बाय सहाच्या चार तुकड्यांना असं काय लागतं? आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासण्याची नोकरी केल्यामुळे दुसऱ्यांचं काम सोपं वाटायची सवय अंगात मुरलेली होतीच. आता घरात पाऊच उदंड झाले आहेत आणि ती सवय बरीचशी सुटली आहे. खाली आकडे घालून लिहिते आहे म्हणून हे याच क्रमाने शिकले असं मात्र समजू नका.

१. पाऊच कापडाचा नसतो, चेनचा असतो. हे मला दुकानातल्या पोऱ्याने शिकवलं. पुण्यात रविवार पेठेत शिवणाचं सामान मिळतं. तिथे मी मोठ्या कौतुकाने निवडलेला कापडाचा तुकडा काउंटरवर पसरला आणि म्हटलं, "याला शोभेल अशी चेन दाखव." त्याने कापडाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "तीन नंबर का पाच नंबर? तयार पाहिजे का रोलमधली?" माझ्या मागे दोघीजणी ताटकळत होत्या, म्हणून मी ठामपणे "पाच" म्हणाले. कशाचे पाच ते घरी येऊन शोधलं. बंद केलेल्या चेनचे दात जितके मिलिमीटर रुंद, साधारण तोच तिचा नंबर. तीनची नाजूक, सुट्या पैशांच्या पाकिटाला चालते. पाचची दणकट, तिला जाड कापड आणि मोठा पाऊच लागतो. रोलमधली चेन मीटरवर मिळते, दुकानदार तिला 'सीएफसी' म्हणतात, आणि तिला रनर नसतो; रनर वेगळे घ्यायचे, नंबर जुळवून. पाचचा रनर तीनच्या चेनवर चढवला तर झकास पळतो, फक्त मागे काहीच बंद होत नाही. म्हणजे ज्या रंगसंगतीवर मी इतक्या दुपारी घालवल्या होत्या ती शेवटची गोष्ट होती. पाऊचची रुंदी चेनच्या लांबीवरून ठरते, कापडाची जाडी चेनच्या नंबरावरून, आणि रंग या दोन्हींतून जे उरेल त्यात बसवायचा असतो. हल्ली मी पेठेतून चेना घेऊन येते आणि मग कपाट उघडते.

२. ज्यांना आपण चेनचे दात म्हणतो ते बहुतेक वेळा दात नसतातच. धातूच्या चेनला खरे सुटे दात असतात, एकेक करून पट्टीला चिमटलेले. पण पाऊचला लागणारी नायलॉनची चेन भिंगाखाली पाहिली तेव्हा मी चाट पडले. ती एकच अखंड तार आहे, वळ्या वळ्यांची, पट्टीच्या कडेला शिवलेली. समोरच्या पट्टीलाही तशीच तार, आणि दोघींच्या वळ्या एकमेकींत अडकतात. रनरच्या पोटात दोन वाटा येऊन एकीला मिळतात: एका दिशेने ओढला की दोन्ही बाजू एकत्र दाबल्या जातात, उलट ओढला की मधली पाचर त्यांना फाकवते. यापलीकडे त्यात काही यंत्र नाही. पण एवढं सुचायला आणि नीट चालायला माणसांची कित्येक वर्षं गेली. व्हिटकॉम्ब जडसनने बुटांसाठी केलेली आकड्यांची चेन १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात मांडली होती. (त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत विवेकानंद बोलले, ते मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिलं.) जडसनची चेन भलत्या वेळी उघडायची. गिडिऑन सुंडबॅक नावाच्या मूळच्या स्वीडिश इंजिनिअरने १९१३ मध्ये ती चालण्याजोगी केली, १९१७ मध्ये त्याला पेटंट मिळालं, आणि 'झिपर' हे नाव १९२३ मध्ये गुडरिच कंपनीने आपल्या रबरी बुटांसाठी काढलं. हे वाचल्यापासून माझी चेन मधेच उघडली की मी फारशी खचत नाही.
रोलच्या चेनवर रनर चढवणं हे मात्र माझ्या वयाच्या बोटांना आणि चष्म्याला आव्हानच होतं. त्यावर उपाय निघाला स्वयंपाकघरातला. खायचा काटा उभा धरायचा, दात्यांमध्ये रनर अडकवायचा, आणि चेनच्या दोन्ही पट्ट्या त्याच्या दोन तोंडांत एकदम सरकवून खाली ओढायच्या. चढतो. आमच्या घरातला एक काटा त्यामुळे कायमचा शिवणाच्या डब्यात राहायला गेला आहे आणि पाहुणे आले की ताटांपाशी एक काटा कमी पडतो.

३. सगळी अडचण शेवटच्या अर्ध्या इंचात असते. पाऊचच्या लांबलचक सरळ बाजू कुणालाही शिवता येतात. त्या शिवताना मी रेडिओ ऐकते. चेनची टोकं बाजूच्या शिवणीला भेटतात तिथे रेडिओ बंद करावा लागतो. बाहेरचं कापड, अस्तर, बकरम, चेनची पट्टी, सगळ्यांचे दुमडलेले पदर तिथे एकत्र येतात. सुई अडते, पाऊचचा कोपरा खांदे उडवल्यासारखा वर येतो. तयार चेन असेल तर टोकाला धातूची बारीक पकड असते, सुई तिच्यावर बसली तर तुकडा होऊन उडते. म्हणून मशीनवर चष्मा काढून बसू नये, लांबचा असो की जवळचा. जाणत्या बायका करतात तो उपाय असा: चेन पाऊचच्या रुंदीपेक्षा थोडी आखूड ठेवायची आणि दोन्ही टोकांना त्याच कापडाच्या लहान पट्ट्या जोडायच्या. मग बाजूच्या शिवणीत चेन येतच नाही, नुसतं कापड येतं, आणि कोपरा निमूटपणे चौकोनी बसतो. या पट्ट्या दिसायलाही छान दिसतात, त्यामुळे लोकांना वाटतं त्या शोभेच्या आहेत. मी तसं वाटू देते.
आणखी एक. तयार चेन पाऊचपेक्षा दोन इंच लांब घ्यावी आणि नायलॉनची असल्यास सरळ कात्रीने कापून टाकावी. कापण्याआधी रनर मधे आणून ठेवावा. नाहीतर वर सांगितलेला काटा लागतोच.

४. पाऊच शिवताना जे दिसत असतं ते कधीच पाऊच नसतं. माझ्या डोक्याला सगळ्यात जास्त ताण दिला तो या गोष्टीने. बाहेरच्या कापडाची सुलट बाजू वर ठेवायची. त्यावर चेन पालथी. त्यावर अस्तर पालथं. तिन्हींच्या कडा जुळवून एक टीप. आता कापड आणि अस्तर उलटवून मागे घ्या: चेन वर आली, कडा आत लपल्या, एका बाजूने काम झालं. दुसऱ्या बाजूलाही हेच. मग बाहेरचं बाहेरच्याला सुलटवर सुलट, अस्तर अस्तराला सुलटवर सुलट, चेन मधे, तिची शिवण अस्तराच्या बाजूला कललेली, आणि सगळ्या कडांनी टीप, फक्त अस्तराच्या तळाशी हाताची चार बोटं जातील एवढी जागा सोडायची. त्या भोकातून आख्खा पाऊच बाहेर ओढायचा. ओढेपर्यंत तुमच्यासमोर असतं ते चारी बाजूंनी दोरे लोंबणारं, माया बाहेर आलेलं, कुणाला दाखवू नये असं गाठोडं.
मी वर्षानुवर्षं ताळेबंद वाचले आहेत. तिथे आधी आकडा दिसतो आणि मग आपण तो कुठून आला ते शोधत मागे जातो. इथे सगळं काम मागच्या बाजूने करायचं आणि पुढची बाजू शेवटच्या क्षणी, एकदम, झाली तर झाली. मनात उलटवून पाहता येणं ही अक्कल आहे हे मला कळायला साठी उलटायची वेळ आली. आमची आई कागदावर एक रेघ न मारता कुंची शिवायची. तिला आम्ही 'फारशी शिकलेली नाही' म्हणायचो.
आणि या सगळ्यात एक गोष्ट विसरायची नसते: शेवटची टीप मारण्याआधी चेन अर्धी उघडी ठेवायची. बंद राहिली तर अस्तराच्या भोकातून आत पोहोचता येतं, पण बाहेरची बाजू चेनच्या पलीकडे अडकून बसते, आणि रनरची जीभही नेमकी पलीकडेच असते. कापडावरून चिमटीत धरून तो रनर सरकवता येतो, पण तेवढ्या वेळात चहा उतू जातो. कोपऱ्यावरचे शिंपीकाका हे ऐकून हसले आणि म्हणाले, "ताई, शिवणात सगळं उसवता येतं. फक्त चिडून उसवायचं नाही." उसवायला त्यांनी मला एक जुनं ब्लेड दिलं. मुलीने नंतर बेंगळुरूहून सीम रिपर पाठवला, तोही आहे, पण हात ब्लेडकडेच जातो.

५. आपल्याकडे कापडाचा तुटवडा कधीच नव्हता. ओटीचे ब्लाऊजपीस हा आपल्या घरांतला मोठा साठा आहे आणि त्याची कुठेही नोंद नाही. मंगळागौर, डोहाळजेवण, बारसं, वास्तुशांत, माहेरची सवाष्ण जेवायला आली, कुणी नवीन घर पाहायला आलं, प्रत्येक वेळी खण-नारळाने ओटी भरायची. नारळ फोडला जातो. ब्लाऊजपीस मात्र न शिवता पुढच्या घरी जातो, तिथून त्याच्या पुढच्या. माझ्याकडे एका घरून आलेला मोरपंखी पीस मीच त्यांना काही वर्षांपूर्वी दिला होता असा माझा दाट संशय आहे. या फिरत्या पिसांना मी थांबवायचं ठरवलं.
हिशेबही लावला, सवय जात नाही. ३६ इंच पन्ह्याचा ८० सेंटिमीटरचा पीस घेतला तर नऊ बाय सहाचे २० तुकडे निघतात. म्हणजे नुसत्या बाहेरच्या बाजूचे १० पाऊच, आणि अस्तरही त्याचंच करायचं तर ५. कागदावर हे फार सुंदर दिसतं. पण ओटीचे बरेचसे पीस पॉलिस्टरचे असतात: निसरडे, कडांनी भराभर सुटणारे, टाचणी लावली तरी मशीनच्या पायाखालून तिरपे पळणारे. त्यांना मागून बकरम चिकटवलं तर ते जरा माणसांत येतात. त्याहून चांगलं म्हणजे सुती टू बाय टू, ते अस्तराला उत्तम. आणि सगळ्यात देखणा पाऊच होतो तो खणाचा. गुळेदगुड्डच्या खणाची ती बारीक नक्षी मुळातच छोट्या तुकड्यासाठी आहे, चोळीसाठी. मोठ्या साडीत ती हरवते आणि पाऊचवर बरोबर मापात बसते, असं माझं मत. साडीवाल्यांना हे पटणार नाही.
सुती कापड कापण्याआधी धुवून घ्यावं. चेनची पट्टी पॉलिस्टरची असते, ती आटत नाही. कापड पहिल्या धुण्यात आटतं. मग पाऊच चेनपाशी फुगतो आणि कितीही इस्त्री केली तरी फुगलेलाच राहतो.
अस्तर फिकट घ्यावं. काळ्या अस्तराच्या पाऊचमध्ये काळी हेअरपिन शोधून पाहा.

६. इस्त्री हे शिवणाचं निम्मं काम आहे आणि ते टाळता येत नाही. मला ते टाळायचं होतं, कारण उठावं लागतं. प्रत्येक टिपेनंतर उठून इस्त्री, परत बसून टीप. शिंपीकाकांच्या दुकानात इस्त्रीचं टेबल मशीनला खेटून का असतं हे इतकी वर्षं तिथे फॉलबिडिंगच्या साड्या टाकूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. नायलॉनच्या चेनवर मात्र गरम इस्त्री थेट ठेवायची नाही, वळ्या वितळतात. वर सुती रुमाल ठेवून, बेताने.

७. मशीन बिघडलेलं नसतं. हे वाक्य मी आता भिंतीवर लिहायला हरकत नाही. माझ्याकडे सासूबाईंची काळी, पायडलची उषा आहे. तिच्यावर सोनेरी वेलबुट्टी होती, आता हाताने पुसली गेली आहे. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्यांचं जाळं दिसलं की मी बॉबिन काढून, शटल पुसून, तेल घालून, मशीनला नको नको ते बोलून बसायची. जाळं खाली दिसतं, पण दोष जवळजवळ नेहमी वर असतो: वरचा दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये बसलेलाच नसतो. दोरा काढून, पाय वर उचलून, पुन्हा ओवला की जाळं जातं. चूक जिथे दिसते तिथे ती झालेली नसते, हे मी ऑडिटच्या कामात नव्या पोरांना शिकवत आले होते. मशीनपुढे बसल्यावर ते आठवायला हवं होतं ना.
चेन लावताना एकाच बाजूचा पाय, ज्याला शिंपी सिंगल फूट म्हणतात, तो लावावा. नेहमीचा रुंद पाय चेनच्या वळ्यांवर चढतो आणि टीप वाकडी जाते. आणि रनर वाटेत आला तर जोर करायचा नाही. पेठेतल्या बोळात समोरून रिक्षा आली की आपण दुकानाच्या पायरीवर चढतो आणि ती गेली की पुन्हा खाली उतरतो, तेच इथे करायचं. सुई कापडात खाली रुतवून ठेवायची, पाय उचलायचा, रनर मागे सरकवायचा, पाय टाकायचा, पुढे चालायचं. सुई खाली असल्यामुळे टीप जागची हलत नाही. एवढी साधी युक्ती, पण ती कळल्या दिवशी मी नवऱ्याला मुद्दाम बोलावून दाखवली. त्याने पाहिली आणि विचारलं, "मग आधी काय करायचीस?" या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही.
यंत्रांविषयी इतकी कडक मतं असलेल्या गांधीजींनीही १९२४ मध्ये एका संभाषणात शिवणयंत्राला अपवाद म्हणून मान्यता दिली होती. बायकोचे कष्ट पाहून सिंगरने ते बनवलं, त्यामागे प्रेम होतं, असं त्यांचं म्हणणं. सिंगरचा खरा संसार पाहिला तर तो इतका सोज्ज्वळ नव्हता. पण काळ्या मशीनवर पहिली सरळ टीप पडते तेव्हा मीही गांधीजींच्याच बाजूने असते.

८. कोपरे काढायला पेन्सिल वापरू नये. टोक कापडातून आरपार जातं. बोथट विणकामाची सुई किंवा लाटण्याचं बारीक टोक पुरतं. आणि पाऊच पसरट न ठेवता उभा राहावा असं वाटत असेल तर खालच्या कोपऱ्यांतून एकेक इंचाचा चौकोन कापून, कापलेल्या कडा आडव्या जुळवून टीप मारायची. तळ दोन इंच रुंद होतो आणि पाऊच टेबलावर बसतो. याला फार डोकं लागत नाही. पण पाहणाऱ्यांना हीच सगळ्यात मोठी कला वाटते, आणि ज्याला खरोखर डोकं लागलं त्या चेनच्या टोकांकडे कुणी पाहत नाही.

९. कशासाठी पाऊच हवा ते आधी ठरवून शिवावा, असं सगळे सांगतात. मला उलटा अनुभव आला. मोजून मापून चष्म्यासाठी केलेल्या पाऊचमध्ये आज औषधांच्या पट्ट्या आहेत. औषधांसाठी केला त्यात नवऱ्याच्या चार्जरच्या वायरी. नाण्यांसाठी केलेला नातीने पळवला, त्यात शिंपले, एक तुटकी क्लिप आणि लिमलेटच्या गोळ्यांचे कागद असतात. घराला पाऊच हवे असतात एवढंच खरं. कोणता कुणाचा हे घर ठरवतं. म्हणून मी आता एकच मधलं माप धरते आणि पुढची काळजी करत नाही.

१०. हौसेने शिवणं आणि पोटासाठी शिवणं यात हात तेच असतात, बाकी सगळं वेगळं असतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकचे डबे वाटण्यापेक्षा आपण शिवलेले पाऊच वाण म्हणून लुटावेत असं मी ठरवलं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत वेळ असतो, जमेल, असा अंदाज. एकेक पाऊच कौतुकाने पूर्ण करत मी निघाले आणि रथसप्तमी माझ्यापेक्षा जोरात निघाली. उरलेल्या बायकांना शेवटी डबेच दिले. ज्यांना पाऊच मिळाले त्यांनी काय केलं? चेन दोनदा पुढेमागे ओढली, आत डोकावून अस्तर पाहिलं, आणि एक म्हणाली, "छान आहे हो, कुठून आणलात?" मला हा सगळ्यात मोठा मान वाटला. दुसरीने विचारलं, "किती पडला?" तिला मी चेन, रनर, बकरम, दोरा यांचा हिशेब सांगितला, माझ्या वेळेचा धरलाच नाही, तरी बाजारभावापेक्षा आकडा वर गेला. ती बिचारी गप्प बसली.
त्यानंतर बचत गटांच्या एका प्रदर्शनात पाऊच विकणाऱ्या एका बाईंपाशी मी बराच वेळ रेंगाळले. गिऱ्हाईक नव्हतं, त्यामुळे त्या बोलल्या. त्या एक पाऊच कधीच शिवत नाहीत. कापडाचे थर एकावर एक ठेवून एकदम कापतात. मग सगळ्या चेना एका बाजूने लावून घेतात, दोरा न तोडता, एक तुकडा मशीनखालून बाहेर पडला की लगेच पुढचा आत. शेवटी दोऱ्याने जोडलेली लांबच लांब माळ तयार होते आणि ती कात्रीने सुटी करतात. मग सगळ्यांची इस्त्री एकदम. मग दुसरी बाजू, पुन्हा सगळ्यांची. "एकेक करत बसलं तर पोट कसं भरायचं, ताई?" त्या म्हणाल्या. आणि एवढ्या झपाट्याने शिवलेल्या त्यांच्या पाऊचची चेनची टोकं माझ्यापेक्षा सरळ होती. मी मुद्दाम उलटा करून पाहिलं. आतली शिवणही साफ होती, अस्तराच्या तळाचं भोक हाताने, दिसणार नाही असं मिटवलेलं. मी अस्तर इतक्या बारकाईने पाहताना बघून त्यांनी विचारलं, "तुम्हीपण शिवता का?" मी "थोडंफार" म्हणाले. खरं तर तेही जास्तच झालं.
तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, दोन पाऊच हातात घेतले आणि म्हणालं, "एवढुशा कापडाचे एवढे? बाहेर याच्या निम्म्यात मिळतो." मी मान खाली घातली, कारण हेच वाक्य मी अशाच स्टॉलवर, याच सुरात म्हटलेलं आहे.

म्हणून एक विनंती. डिसेंबरात पुण्याच्या भीमथडी जत्रेत गेलात, मुंबईत महालक्ष्मी सरसला गेलात, किंवा तुमच्या गावच्या एखाद्या छोट्या प्रदर्शनात, तर पाऊच हातात घ्या. चेन दोनदा ओढून बघा. उलटा करून चेनची टोकं आणि अस्तराची शिवण बघा. काम साफ नसेल तर खुशाल खाली ठेवा, त्यांना वाईट वाटणार नाही. साफ असेल तर सांगितलेली किंमत द्या. घासाघीस नको.